वड्याचा कागद, डोळ्यातील पारपटल आणि पारदर्शकतेचे कोडे

गरमागरम बटाटावडा वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला की काही क्षणांतच कागदावर तेलाचा डाग उमटतो आणि त्या डागातून पाठच्या बाजूची अक्षरे उलटी दिसू लागतात. (छपाईच्या शाईतील घटक आरोग्यास घातक असल्याने खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले होते. वडापावच्या गाड्यांवर त्याचा कितपत परिणाम झाला, हे वाचक जाणतातच.) हा डाग आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्यात काही नवल आहे, असे वाटतही नाही. पण क्षणभर थांबून विचार केला तर प्रश्न पडतो. तेलाने कागदातील काहीही काढून घेतलेले नाही. कागद पातळ झालेला नाही. उलट त्यात आणखी एका पदार्थाची भरच पडली आहे. मग जो कागद मघाशी प्रकाश अडवीत होता, तो आता वाट कशी देऊ लागला?

शाळेत आपण तीन व्याख्या पाठ केल्या. ज्यातून प्रकाश आरपार जातो व पलीकडची वस्तू स्पष्ट दिसते तो पदार्थ पारदर्शक. ज्यातून उजेड येतो पण वस्तू स्पष्ट दिसत नाही तो अर्धपारदर्शक, म्हणजे परिभाषेत पारभासी. आणि ज्यातून प्रकाश जातच नाही तो अपारदर्शक. काच, बटर पेपर आणि लाकडी फळी ही त्यांची ठरलेली उदाहरणे. व्याख्या चुकीच्या नाहीत, परंतु त्यांमुळे एक गैरसमज मनात पक्का बसतो. पारदर्शकता हा त्या-त्या पदार्थाचा अंगभूत गुण आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक एकच पदार्थ तिन्ही रूपांत दिसू शकतो. खडीसाखरेचा मोठा खडा बऱ्यापैकी आरपार दिसतो, तीच साखर दळून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र व अपारदर्शक होते. बर्फाच्या लादीची कड काचेसारखी नितळ असते आणि मधला भाग दुधाळ असतो, कारण पाणी बाहेरून आत गोठत जाताना त्यात विरघळलेली हवा मध्यभागी ढकलली जाते आणि बुडबुड्यांच्या रूपाने तेथे अडकते.

सोनेही याला अपवाद नाही. सोन्याचा अत्यंत पातळ वर्ख उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट प्रकाश झिरपताना दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अशा पातळ पापुद्र्यांवर केलेले प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. उलटपक्षी, ओंजळीतले पाणी कितीही नितळ असले तरी समुद्रात साधारण हजार मीटर खोलीवर सूर्याचा उजेड पोहोचत नाही. तेव्हा एखादा पदार्थ पारदर्शक आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो किती जाड आहे, हे विचारावेच लागते.

प्रकाश पदार्थावर पडला की त्याच्यापुढे मोजकेच मार्ग असतात. काही भाग पृष्ठभागावरून परत फिरतो, काही पदार्थात शोषला जाऊन बहुधा उष्णतेत रूपांतरित होतो, काही आतल्या आत वाट चुकून दाही दिशांना विखुरतो आणि उरलेला सरळ पलीकडे निघून जातो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत येतो. दोन पृष्ठभागांचे मिळून ८ टक्के. दिवसा बाहेरच्या लखलखाटात हे जाणवत नाही. रात्री मात्र एसटीच्या किंवा लोकलच्या बंद खिडकीत आपलाच चेहरा दिसतो तो या ८ टक्क्यांमुळे. काच बदललेली नसते, केवळ बाहेरचा उजेड नाहीसा झालेला असतो.

काच एवढा प्रकाश पुढे जाऊ देते याचे कारण तिच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांत आहे. पदार्थातील इलेक्ट्रॉनांना वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही. जिन्याची पायरी चढायची तर पूर्ण उंचीचा पाय उचलावा लागतो, अर्धी पायरी चढता येत नाही. दृश्य प्रकाशाच्या कणांची ऊर्जा साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी असते. शुद्ध सिलिका काचेतील पहिली पायरी मात्र जवळजवळ ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीची आहे. प्रकाशाचा कण येतो, त्याच्या ऊर्जेत इलेक्ट्रॉनला ती पायरी चढता येत नाही आणि कण तसाच पुढे जातो. धातूंत मोकाट फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. त्यांना पायरीचे बंधन नाही. प्रकाशाच्या तालावर तेही डोलू लागतात आणि बहुतेक प्रकाश आल्या दिशेला परतवून लावतात. म्हणून धातू चकाकतात आणि अपारदर्शकही असतात.

खिडकीची काच समोरून रंगहीन भासते, पण तिच्या कडेकडून पाहा, ती हिरवी दिसेल. वाळूबरोबर आलेल्या लोहाच्या अंशाची ही करामत आहे. तीन-चार मिलिमीटर जाडीत ते शोषण नगण्य असते, कडेकडून पाहताना मात्र प्रकाशाला काचेतून लांबचा पल्ला गाठावा लागतो. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. काचेच्या तंतूतून संदेश फार दूर जात नाहीत हा काचेचा नव्हे, तर तिच्यातील अशुद्धींचा दोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एक किलोमीटर अंतरानंतर १ टक्का जरी प्रकाश शिल्लक राहिला तरी दूरसंचारासाठी तो तंतू उपयोगी ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या उत्तम तंतूंत किलोमीटरमागे सुमारे ९५ टक्के प्रकाश टिकून राहतो. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा मजकूर आपल्या पडद्यावर पोहोचला तोही बहुधा कुठल्यातरी टप्प्यावर अशाच एका तंतूतून.

येथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे पारदर्शक कोणासाठी? आपले डोळे सूर्यप्रकाशाच्या ४०० ते ७०० नॅनोमीटर या अरुंद पट्ट्यापुरतेच पाहू शकतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जर्मेनियम हा मूलपदार्थ आपल्याला धातूसारखा राखाडी, पूर्ण अपारदर्शक दिसतो. परंतु मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांसाठी तो काचेइतका पारदर्शक आहे. करोनाच्या साथीत २०२० मध्ये विमानतळांवर ताप तपासण्यासाठी लावण्यात आलेल्या औष्णिक कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांत जर्मेनियमची भिंगे वापरली जातात. अशा कॅमेऱ्यासमोर आपण काच धरली तर ती भिंतीसारखी आडवी येते. कचऱ्याची काळी प्लॅस्टिकची पिशवी धरली तर आतला हात स्वच्छ दिसतो!

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची भट्टी होते, ती काचेच्या याच दुटप्पीपणामुळे. सूर्याचा प्रकाश काच आत घेते. तापलेल्या आसनांतून निघणारी दीर्घ लहरींची उष्णता मात्र ती बाहेर जाऊ देत नाही. त्यात गरम झालेली हवाही कोंडून राहते. अशा मोटारीत लहान मुलाला 'पाच मिनिटांसाठी' सोडून जाणे जिवावर बेतू शकते. उन्हावर उपाय म्हणून काळ्या फिल्म लावण्याची मध्यंतरी साथच आली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिला तो या नियमाच्या आधारे. काळी काच म्हणजे थंड गाडी हे समीकरणही तितकेसे खरे नाही. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेतील निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. काही नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर दिलेली काच हे किरण परतवते आणि तरीही पारदर्शक राहते. काचेच्या मनोऱ्यांत कार्यालये थाटणाऱ्या आपल्या शहरांना हा फरक विजेच्या देयकातून कळतोच.

आता वड्याच्या कागदाकडे वळू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा. सुटा तंतू बराचसा पारदर्शकच असतो. परंतु हवेतून तंतूत आणि तंतूतून हवेत शिरताना प्रकाशाचा वेग दरवेळी बदलतो, दिशा बदलते, थोडा प्रकाश परतही फिरतो. हवेचा अपवर्तनांक १, सेल्युलोजचा सुमारे १.५. कागदाच्या जाडीत अशा असंख्य सीमा पार कराव्या लागल्यावर मूळ दिशेचे नाव उरत नाही. प्रकाश शोषला जात नाही, तो केवळ रस्ता हरवतो आणि त्यातील बराचसा आल्या बाजूनेच बाहेर पडतो. त्यामुळे कागद पांढरा दिसतो. मीठ, पिठीसाखर, कापूस, ढग, समुद्राचा फेस यांच्या शुभ्रतेमागेही हेच कारण आहे. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने ते तंतूंमधील हवेची जागा घेते तेव्हा या सीमा जवळजवळ पुसल्या जातात. प्रकाशाच्या दृष्टीने जाळे नाहीसे होऊन एकसंध पदार्थ उरतो. पावसात भिजलेला पांढरा सदरा अंगाला चिकटून आरपार दिसतो तोही याच कारणाने; पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे त्याचा परिणाम तेलापेक्षा कमी, इतकाच फरक. स्नानगृहाला घासलेली काच बसवताना तिची खरबरीत बाजू पाणी उडणार नाही अशा अंगाला ठेवावी, हे कसबी कारागिराला सांगावे लागत नाही. ओल्या झालेल्या खरबरीत काचेतून किती दिसते, हे ज्यांनी उलटी बसवली त्यांना समजलेले असते.

हीच युक्ती जिवंत शरीरावर चालेल काय? एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील 'द इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीचा नायक आपल्या शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करून अदृश्य होतो. ती कल्पनाच राहिली. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वड्याच्या तेलाचेच तत्त्व वापरले होते. खाद्यपदार्थांना पिवळा रंग आणणाऱ्या टार्ट्राझिनचे द्रावण त्यांनी उंदराच्या त्वचेवर चोळले. त्यामुळे त्वचेतील पाण्याचा अपवर्तनांक वाढून तो प्रथिने व मेद यांच्या जवळ पोहोचला आणि पोटावरील कातडीतून आतली इंद्रिये दिसू लागली. रंग धुऊन टाकताच त्वचा पूर्ववत झाली. माणसाची त्वचा उंदरापेक्षा बरीच जाड असते आणि हा प्रयोग माणसावर केलेला नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात कोणी स्वतःला हळदीसारखे पिवळे करून घेऊ नये.

अर्धपारदर्शक पदार्थांना आपण अकारण दुय्यम लेखतो. गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्या पाहिल्या तर हा समज गळून पडतो. तेथे काचेऐवजी लाकडी चौकटींत एका विशिष्ट कालवाचे चपटे, पातळ शिंपले बसवलेले असत. कॅल्साइटच्या एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचे हे शिंपले भरपूर उजेड आत घेतात, पण त्याला विखरून मवाळ करतात. खोलीत प्रकाश येतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि रस्त्यावरून घरात कोणाला डोकावताही येत नाही. काचेला यातील एकच काम जमते.

परंतु पारदर्शकतेचा सर्वांत विलक्षण नमुना पाहण्यासाठी आरशासमोर उभे राहावे. बुबुळावर जो नितळ पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. त्याच्या भोवतीचा पांढरा भाग म्हणजे श्वेतपटल. एक काचेसारखे स्वच्छ, दुसरे चिनी मातीसारखे पांढरे. आणि दोन्ही प्रामुख्याने एकाच पदार्थाची, कोलॅजेन या प्रथिनाची, बनलेली आहेत! फरक आहे तो मांडणीत. श्वेतपटलातील तंतू जाड-बारीक, वेडेवाकडे विणलेले असतात आणि प्रकाश त्यांत विखुरतो. पारपटलातील तंतू मात्र सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे, जवळजवळ एकसारखे आणि परस्परांपासून साधारण ६० नॅनोमीटर अंतर राखून शिस्तीत उभे असतात. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, अशा मांडणीत प्रत्येक तंतूने विखुरलेल्या लहरी बाजूच्या दिशांना परस्परांना खोडून काढतात आणि केवळ सरळ जाणारा प्रकाश टिकतो. पुढे जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये त्यात मोलाची दुरुस्ती केली. कवायतीइतकी काटेकोर शिस्त लागत नाही; प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतरात घनतेचे चढउतार नसले की पुरे, असे त्यांनी सिद्ध केले.

ही शिस्त आपोआप टिकत नाही. पारपटलाला पाणी शोषून फुगण्याची सतत ओढ असते. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच एक थर असतो आणि या पेशी अहोरात्र पाणी बाहेर उपसत राहतात. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा भरतात. पेशींची संख्या एका मर्यादेखाली गेली की उपसा थांबतो, पारपटल सुजते, तंतूंमधील अंतरे विस्कटतात आणि डोळ्यासमोर धुके येते. जखम, जंतुसंसर्ग किंवा व्रण यांनीही हेच घडते. पन्नाशीच्या आतील अंधत्वात पारपटलाच्या अपारदर्शकतेचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे देशातील २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आढळले.

पन्नाशीनंतर मात्र मोतीबिंदूचा क्रमांक पहिला लागतो. डोळ्यातील भिंगाचा सुमारे एकतृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. ती इतकी दाटीवाटीने भरलेली असतात की त्यांच्यात मोठ्या पोकळ्या राहत नाहीत, म्हणून भिंग पारदर्शक असते. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्माआधीच तयार झालेली असतात आणि ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. कालांतराने ती बिघडतात, एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात, आणि गाठींचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरात पोहोचला की भिंग गढूळ होते. दुधातील मेदाचे थेंब व केसिनचे कण प्रकाश विखरून दूध पांढरे करतात, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. बिघडलेल्या प्रथिनांना पुन्हा सुटे करणारे सिद्ध औषध नाही. तेव्हा थेंबांनी मोतीबिंदू विरघळवून देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. उपाय एकच, गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे. त्याची कथाही पारदर्शक पदार्थाचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या ॲक्रिलिक छताचे कण शिरत. ते डोळ्यात राहूनही दाह होत नाही, हे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडले यांच्या लक्षात आले. त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच पदार्थाचे भिंग प्रथमच रुग्णाच्या डोळ्यात बसवले.

पारपटलाला मात्र असा सहजसुलभ कृत्रिम पर्याय अद्याप नाही. एका माणसाचे पारपटल दुसऱ्याला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये केली आणि आजही भिस्त नेत्रदानावरच आहे. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तगट जुळण्याचा प्रश्न सहसा येत नाही. चष्मा वापरणारे, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, इतकेच नव्हे तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. भिंग बदललेले असले तरी पारपटल मूळचेच असते. एचआयव्ही, कावीळ ब व क किंवा रेबीजसारख्या आजारांत मात्र ते स्वीकारले जात नाही. आता तर काही रुग्णांना संपूर्ण पारपटल न बदलता केवळ आतला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा पेशींचा थर तेवढा बसवता येतो. जपानमध्ये क्योटो येथील डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी थेट डोळ्यात सोडून ११ रुग्णांवर उपचार केल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

नेत्रपेढ्या मृत्यूनंतर सहा तासांची मुदत सांगतात, तिचे कारण हाच पाणी उपसणारा थर. मृत्यूबरोबर त्याचा पुरवठा थांबतो आणि उकाड्यात पेशी वेगाने मरू लागतात. म्हणूनच घरातील मंडळींनी मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि तत्काळ जवळच्या नेत्रपेढीला दूरध्वनी करावा. मृताने पूर्वी अर्ज भरलेला नसला तरी चालते. पथक घरी येते, साधारण पंधरा ते वीस मिनिटांत काम होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृत्यूचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती मात्र तयार ठेवावी लागते.